पाठ केलेला तक्ता

ड्रायव्हरकाकांनी डावा डोळा झाकून शेवटची ओळ घडाघडा वाचली. एकाही अक्षराला अडखळले नाहीत. पण ती ओळ जुन्या तक्त्यावरची होती. आज सकाळीच मी नवा लावला होता. “पाठ कुणी करून घेतलं?” त्यांचा हात खाली आला. “लेकीनं. मागच्या वेळी फोटो काढून नेलेला. चुकलो की ओरडते.” ते हसायला गेले, जमलं नाही. “मॅडम, सही करा ना. बस चालवण्याशिवाय काही येत नाही मला.” लहानपणी मीही बाबांकडून असाच तक्ता घोकवून घ्यायचे. ते पास झाले तेव्हा मला खांद्यावर घेऊन नाचले. चार महिन्यांनी त्यांची बस प्रवाशांसकट नदीत गेली. आईला तक्त्याचं अजून सांगितलेलं नाही. मी ‘नापास’ लिहिलं. ते दारात थबकले. “पोरीला काय सांगू?” “सांगा, तिनं नीट शिकवलं होतं. मॅडमनंच तक्ता बदलला.”