कागलची बोली

साखरबाईनं हात वर केला तसा गोजरबाईनं शेवयांच्या मशीनचा दांडा थांबवला.

"परत म्हण," साखरबाई म्हणाली.

"काय म्हणू?" सुकन्याच्या दोन्ही हातांत दुसरी काठी, तिच्यावर ओल्या शेवया लोंबतायत, जरा हिसका बसला की तुटणार.

"आत्ता दारातनं येताना काय म्हणालीस?"

"काठी ठेवून आलो."

"आले म्हण."

सुकन्यानं शेवयांकडं बघितलं. शेवया सरळ होत्या.

म्हणजे झालं होतं असं, की साखरबाईची सून दिपाली कागलची. मार्गशीर्षात लग्न होऊन अंथुर्ण्याला आली, आणि कागलकडं बायकासुद्धा 'मी आलो, मी जेवलो' असंच म्हणतात, आई म्हणते, आजी म्हणते, कुणाला काही वाटत नाही. इथं पहिला महिनाभर सगळी गल्ली हसली, मग सवय झाली. आणि तेवढ्यात सुकन्यानंपण सुरू केलं. वहिनीचं ऐकून लागलं म्हणे. आता दिपाली 'करतोय'च्या जागी 'करालोय' म्हणायची, 'जेवालोय' म्हणायची, त्यातलं एक अक्षर सुकन्यानं उचललं नाही. उचललं ते फक्त आलो, गेलो, बसलो. आणि पाच महिन्यांत एकदासुद्धा चूक नाही.

"आइतवारी कन्हेरीची माणसं बघाय येणार हायती," साखरबाई म्हणाली. "शिक्षण इचारतील. आन तू म्हणशील, बारावी झालो. मी कुठं तोंड लपवू?"

"त्येच इचारतील," गोजरबाई म्हणाली, "ह्यात नवरदेव कोन हाय?"

ती शेजारची, पहाटेपासून दांडा फिरवून तिचा खांदा भरून आला होता, पण तोंड अजून ताजं होतं. पीठ मळणाऱ्या दोघीतिघी खुसखुसल्या.

"त्यो शब्द तोंडातनं निघत न्हाय, आई."

"निघत न्हाय म्हंजी? ल्हानपणी निघत हुताच की. एवढासा शब्द. का दगड फोडायचाय?"

"दगड दे. फोडतो."

"फोडते म्हण," साखरबाई ओरडलीच. मग तिनं बाकीच्या बायकांकडं बघितलं, पदर सारखा केला, आणि सगळा राग वळवला चुलीकडं, तिथं दिपाली भाकऱ्या थापत होती. "हिच्यापायी झालंय हे. दिपाली, आजपास्नं तू बी आले म्हणायचं. गेले म्हणायचं. मूळच उपटून टाकते, मग कसं लागतंय बघू दुसऱ्याला."

"आत्या, माझी जीभच वळत न्हाई तशी. आमच्यात माझी आई पण..."

"तुला नांदायचं कुठं हाय? हितं का कागलला?"

दिपालीनं भाकरी तव्यावर टाकली. तिला माहेरची आठवण काढायला एक फोटो नव्हता, होतं ते एवढंच, बोलणं. ती उलटली. मग दुसऱ्याच्या चपला घालून दोन पावलं टाकावीत तसं म्हणाली, "मी आले. मी गेले. झालं?"

सुकन्यानं वहिनीकडं बघितलं. आजवर कुणी टोकलं की कागलकडं बोट दाखवता येत होतं. आता तेही संपलं, आणि ते कुणाला सांगणार? हातातली काठी तशीच घेऊन सुकन्यानं थेट गोठ्याजवळची दोरी गाठली.

दहा मिनिटं झाली. भाकऱ्या झाल्या. साखरबाईनं हाक मारली, "सुकन्या."

उत्तर नाही.

"ए सुकन्ये, कालवण निवतंय."

दारातनं पाठ दिसत होती. पाठ वळली नाही. दोरीवर शेवया वाळत होत्या आणि त्यांच्यात उगाच बोटं घालून एकेक सुटी करणं चाललं होतं.

"कान गेलं काय गं तुझं?"

 साखरबाईनं पिठाचा हात कपाळावर मारून घेतला, तिथं पांढरा पंजा उमटला.

"साखरबाई, तुझी हाकच चुकतीया," गोजरबाई म्हणाली. "दिपाली, तू मार. दीर हाय न्हवं तुझा? म्हण, भावजी."

आता मात्र सगळ्याच हसल्या. एकीनं तर पिठाच्याच हातानं डोळे पुसले. दिपालीला हसू आलं नाही, तिचं डोकं अजून तापलेलं होतं. ती उठली, दारात गेली, आणि सासूला नीट ऐकू जाईल अशा बेतानं मोठ्यांदा म्हणाली, "अवो भावजी. जेवाय चला."

"आलो."

गोठ्याजवळनं लगेच. ना उद्धट, ना थट्टेत. रानातनं आलेला घरचा माणूस ताटावर बोलावलं की म्हणतो, तेवढंच. आणि पाठ वळली.

हसणं एकेकीचं कमी होत गेलं. कुणीतरी उगाच पाण्याचा तांब्या मागितला. गोजरबाईनं अंगणाकडं बघितलं, मग मशीनवर वाकून, अगदी हळू म्हणाली, "साखरबाई, ह्ये कागलचं न्हाय गं."

साखरबाईनं पिठाचा गोळा उचलून मशीनमध्ये दाबला.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "तू दांडा फिरव."