तुमची मिल

आयोवातलं ते कॉलेजचं गाव एवढंसं, की नव्या माणसाला जो तो विचारणार, वडील काय करतात? तिथं शिकायला गेलेल्या जयवंतनं सांगितलं, "मिलमध्ये असतात." मक्याच्या शेतांत राहणाऱ्या त्या भल्या लोकांनी त्याला परस्पर मिलमालकाचा मुलगा करून टाकलं, आणि यानंही कधी खोडून काढलं नाही.

आता तिथली त्याची घरमालकीण, मिसेस हॅन्सन, भारत बघायला आली ती हट्टानं घाटकोपरच्या त्यांच्या चाळीतच येऊन बसली. एका खोलीच्या त्या घरावरून तिची नजर दोनदा फिरली. मग तिनं जयवंतच्या वडिलांना, गुणाजींना, काहीतरी विचारलं. त्यातला 'मिल' हा शब्द गुणाजींना बरोबर कळला.

"काय म्हणता ती?"

"मिल कशी चाललीय, विचारतेय."

"कोणाची रे?"

जयवंतनं मान खाली घातली. "तुमची."

मिल कामगारांच्या संपात पोलिसांची लाठी कपाळावर घेतलेले गुणाजी मुलाकडे बघत राहिले. मग सदऱ्याचं वरचं बटण लावून म्हणाले, "बंद पडली म्हणान सांग. कामगारांनी संप केल्यानी."

जयवंतनं सांगितलं. बाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं पुन्हा खोलीभर बघितलं, हळहळली, आणि गुणाजींचा हात हातात घेऊन बरंच बोलली.

"आता काय म्हणता?"

"म्हणतेय... त्या माजलेल्या कामगारांनीच तुमच्यावर ही पाळी आणली."

गुणाजींनी हात सोडवून घेतला नाही.

"व्हय म्हणान सांग."