किड्याच्या पाठीवरचं पाणी

भागीरथाबाई कळशी कलती करून कॅनमध्ये पाणी ओतत होती.

अनुजा पत्र्यांच्या रांगेमागे थबकली. ती रोज साडेसातला यायची. आता कुठे सव्वासहा होत होते. बाईने वाकून कॅनवरच्या रेघा पाहिल्या, आणखी थोडं पाणी ओतलं आणि पदराने कॅनचं तोंड पुसून घेतलं.

पत्रे अनुजाचे होते. आफ्रिकेच्या वाळवंटात एक काळा किडा असतो. पहाटे धुक्यात तो डोकं खाली घालून, पाठ वर करून उभा राहतो. पाठीवरच्या बारीक उंचवट्यांवर थेंब धरतात, फुगतात आणि घरंगळत त्याच्या तोंडात येतात. अनुजाने तीच पाठ पत्र्यावर उतरवली होती. खाली मेणकट थर, वर काचेचे बारीक दाणे, तळाला पन्हळ, पन्हळीखाली कॅन. रायपूरकडे, अहिवाऱ्याजवळ चुनखडीची एक खदान बंद पडलेली होती. तिच्या काठावर असे बारा पत्रे तिरपे उभे होते; सगळ्यांचं पाणी एकाच कॅनमध्ये उतरायचं. भंडाऱ्याकडून खदानीच्या कामाला आलेल्या माणसांची चाळीस घरं मागेच होती. पत्र्यांची राखण भागीरथाबाईकडे होती.

पहिल्या आठवड्यात दिवसाला दीड-दोन लिटरच दव मिळालं. मग एकदम अकरा, बारा लिटर मिळू लागलं. फक्त ते पाणी क्षारांनी जड होतं. दवाचं पाणी असं जड नसतं. अनुजाने बरेच दिवस विचार केला आणि वहीत कारण लिहून टाकलं : हवेतली चुन्याची धूळ.

काल संध्याकाळी विजयकुमार सरांचा फोन आला होता. प्रकल्प त्यांचा.

"बधाई हो, अनुजा. दोनशे पत्रे मंजूर झाले. वस्तीचा टँकर सोमवारपासून बंद. और सुनो, एकवीस तारखेला रायपूरच्या परिषदेत तूच बोलायचं, तुझ्या नावावर. आणखी अकरा गावं या पत्र्यांसाठी थांबली आहेत."

सहा वर्षं तिचं काम दुसऱ्यांच्या नावावर गेलं होतं. रात्रभर तिला झोप लागली नाही. ही बातमी सगळ्यात आधी भागीरथाबाईला सांगायची म्हणून ती शहरातल्या सेक्टर दोनमधून अंधारातच निघाली होती.

"भागीरथाबाई."

बाई दचकली नाही. कळशी खाली ठेवत म्हणाली, "आज लवकर आल्या मॅडम? च्या घेऊन आल्या का तशाच?"

"हे काय करताय?"

"तुमच्या किड्याले पानी पाजून राहिली." बाई हसली. अनुजाचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं.

"कधीपासून?"

"दुसऱ्या हप्त्यापासून. तुमीच तं म्हनल्या होत्या, पानी नाही आलं तं पत्रे उचलून न्या लागन. पत्रे गेले का साहेब लोकाइचं येनं बंद. साहेब लोक येते तं टँकर टाइमावर येते. तुमच्या आंधी आठ-आठ दिवस पत्ता नाही राहे त्याचा."

"आणि हे पाणी कुठलं?"

"टँकरचंच. माह्या वाट्यातलं. दुसऱ्या कोनाचं थेंबभर नाही घेतलं."

अनुजाने पिशवीतून पाण्यातले क्षार मोजायचं मीटर काढलं. आधी कळशीत बुडवलं, मग कॅनमध्ये. आकडा एकच आला.

"टँकर बंद होतोय," ती म्हणाली. "सोमवारपासून."

"कावून?"

"नव्या पत्र्यांचं पाणी पिण्यापुरतं होईल म्हणून."

भागीरथाबाईने एकदा पत्र्यांकडे पाहिलं, मग खाली खदानीकडे. खदानीच्या तळाशी हिरवट पाणी साचलं होतं. त्यात दोन म्हशी बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी टँकर महिनाभर आला नव्हता, तेव्हा वस्तीने तेच पाणी प्यायलं होतं. बाईची नात रेणू त्या पाण्याने आजारी पडून गेली. पाच वर्षांची होती.

"मंग सांगा न साहेबाले," बाई म्हणाली. "लावा फोन. म्हना, बुढीनं येडेपना केला. मले देऊ द्या शिव्या. लावा मॅडम."

अनुजाने फोन काढला. वही तिच्या काखेत होती. तिच्यात सदुसष्ट दिवसांचे आकडे होते, स्वच्छ अक्षरात, तारीखवार. खोटं तिने काहीच लिहिलं नव्हतं. कॅनमध्ये जेवढं होतं तेवढंच लिहिलं होतं.

फोन लागला. भागीरथाबाई अगदी जवळ येऊन उभी राहिली. पलीकडून सरांचा आवाज तिलाही ऐकू येत होता.

"बोल, अनुजा. इतक्या सकाळी?"

"सर, साइटवर आहे." ती थांबली. बाईने मान हलवून तिला धीर दिला.

"हां, बोल."

"आजचं रीडिंग साडेअकरा लिटर."

"वा. बढिया."

तिने फोन पिशवीत टाकला. वही उघडली, तारीख घातली, आकडा लिहिला. भागीरथाबाई तिच्याकडे बघतच राहिली.

"मंग सोमवारपासून आमी काय प्यावं, मॅडम?"

अनुजाने पेनाचं टोपण लावलं. वर न पाहता ती म्हणाली, "एकवीस तारखेपर्यंत कॅनमध्ये खदानीतलं पाणी टाकत जा, भागीरथाबाई. फडक्यातून गाळून. आणि रोज एकाच रेघेपर्यंत नको. दव रोज सारखं पडत नसतं."