बदली माणूस

"यांना उठवा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला.

मावशी दचकली. यंत्राच्या तापलेल्या पट्ट्यांमधून कडा चिकटून नुकतीच निघालेली सलाईनची रिकामी पिशवी तिच्या हातात होती. ती पुढच्या टेबलावर सरकवून तिने मान वर केली.

"माझं काही चुकलं का?"

"छे हो! आज तुम्ही आजारी पडलात असं समजा. तुमच्यावाचून काम अडतं का, एवढंच बघायचंय."

मॅडम मोठ्या औषध कंपनीच्या खरेदी खात्यातल्या. पिशव्यांचं काम या कारखान्याला द्यायचं की नाही, ते आज ठरणार होतं. काम मिळालं नाही तर कारखान्याला टाळं लागणार, हे झाडूवालीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. मालक तर सकाळपासून जीव मुठीत धरून त्यांच्या मागे मागे फिरत होते.

"एका माणसावर अडणारा कारखाना आम्हाला नको," मॅडम म्हणाल्या. आवाज गोड होता. "साथ येवो, पूर येवो, पिशवी दवाखान्यात पोचलीच पाहिजे. पुरवठ्याची साखळी टिकायची तर लवचिकता हवी. मधली कुठलीही कडी काढा, साखळी तुटता कामा नये."

"आमच्याकडे सगळ्यांना सगळं येतं, मॅडम. मावशींनीच शिकवलंय," मालक म्हणाले आणि खोकी भरणाऱ्या बायकांकडे वळून ओरडले, "ये गं तू इकडे!"

आली ती मावशीची मुलगी. आईच्या स्टुलावर बसली, प्लास्टिकचे दोन तुकडे एकावर एक जुळवले, पेडल दाबलं. मॅडमनी तिची पहिली पिशवी दिव्यासमोर धरली, तळहातांत दाबून पाहिली. कड सरळसोट. दुसरी तशीच. तिसरीही.

मावशीला राहवलं नाही. "माझीच लेक," ती म्हणाली. "माझ्याच हाताखाली तयार झालीय."

"दिसतंयच. तुमच्यापेक्षा हात भरभर चालतो हिचा."

"चालणारच की. तरणीताठी पोर ती."

मॅडम मालकांकडे वळल्या. "मग ह्या कशाला?"

"म्हणजे?"

"हेच काम ही लवकर करते. मग या यंत्रावर ह्या का बसतात?"

मालकांनी एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे. फार वेळ लागला नाही त्यांना.

"खरं आहे तुमचं. उद्यापासून हिलाच बसवतो. मावशींचंही आता वय झालं. घरी आराम करतील."

मावशी अजून हसतच होती. ओठांवरचं हसू तिला आवरताच येईना.

मुलीने सगळं ऐकलं. तिने मागे वळून पाहिलं नाही. पुढची पिशवी घेताना तिने वरचा तुकडा जरासा तिरका धरला आणि पेडल दाबलं. मॅडमनी पिशवी दाबताच कडेतून फुस्स करून हवा सुटली. त्यापुढचीही तशीच.

"मला नाही जमत हे," मुलगी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आईच पाहिजे इथे."

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. मावशीने लेकीकडे पाहिलं. अशी चूक तिच्या हातून शिकतानासुद्धा झाली नव्हती.

मॅडमच्या कपाळावर मात्र आठीसुद्धा उमटली नाही. "हरकत नाही. तसंही एकाच घरातल्या दोघी म्हणजे आजारी पडल्या तर एकदमच पडायच्या. हिलाही उठवा. आणखी कोण आहे?"

"मी!"

कुणी हाक मारायच्या आत चिमणी पुढे आली. अंगाने काटकुळी म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिलाही मावशीनेच शिकवलं होतं, जेवणाच्या सुट्टीत, स्वतःचा डबा बाजूला ठेवून.

मायलेकी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "काय केलंस हे?" मावशी पुटपुटली.

चिमणीची पहिली पिशवी बरी निघाली. दुसरी पट्ट्यांना चिकटून बसली. चिमणीने ओढून पाहिली, सुटेना. तिने कावरंबावरं होऊन इकडेतिकडे पाहिलं. यंत्राला लागूनच्या बाया हात बांधून थांबल्या. मालकांनी रुमाल काढला. मॅडम घड्याळाकडे बघू लागल्या.

मावशी एक पाऊल पुढे झाली. मुलीने तिचं मनगट घट्ट धरलं.

"गप्प राहा, आई. अडू दे. अडलं तरच तुला बोलावतील."

मावशी थांबली. काम अडलं होतं. तिच्यावाचून अडलं होतं. मालक तिच्याकडे वळलेसुद्धा. आता हाक मारणार, इतक्यात चिमणीने पिशवी उचकटायला बोटं तापलेल्या पट्ट्यांमध्ये घातली.

"हात नको घालूस!" मावशी किंचाळली. "भाजशील! पाय काढ आधी पेडलवरून, पुरता काढ. बघ, आपोआप सुटेल."

चिमणीने पाय काढला. पट्ट्या उघडल्या, पिशवी अलगद खाली पडली. पुढची नीट निघाली. मग त्यापुढची. बायांचे हात पुन्हा चालू झाले.

"शाब्बास!" मॅडम खुश झाल्या. त्यांनी मालकांचा हात हातात घेतला. "आम्हाला हेच हवं होतं. दोन माणसं काढली तरी काही अडलं नाही. काम तुमचं."

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसत पुसत ते मॅडमना दाराकडे घेऊन निघाले, तशा भिंतीपाशी उभ्या असलेल्या दोघी आडव्या आल्या.

"मावशी, जरा बाहेर जाऊन उभ्या राहा ना दोघी," ते हलक्या आवाजात म्हणाले. "वाट अडतेय."