विसावा डबा

कॅमेरा चालू होता आणि काका खोटं बोलत होते.

"चूक माझी," ते म्हणाले. "अंधारखोलीचं दार मीच उघडं टाकलं. रिळांचे एकोणीस डबे वाया गेले. तसंच घाल तुझ्या फिल्ममध्ये."

तिने मान हलवली, पण कॅमेरा बंद केला नाही. स्टुडिओच्या अडतीस वर्षांचा इतिहास तिने अख्खा जोडून ठेवला होता. उद्या याच खोलीत तो दाखवायचा होता. फक्त एक वाक्य अडलं होतं, पहिला चित्रपट बुडाला कसा याचं.

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. आठवडाभर त्यांचं एकच पालुपद होतं, तो सांगेल तसंच घाल. सांगताना ते तिच्याकडे बघत नसत.

एका जुन्या गोदामात दोघा मित्रांनी हा स्टुडिओ काढला, तेव्हा बाबा दिग्दर्शक होते आणि काका कॅमेरामन. सगळं चित्रीकरण संपलं, फिल्मचे एकोणीस डबे लॅबमध्ये धुवायला जायचे होते, आणि आदल्या दिवशी उजेड लागून सगळी फिल्म वाया गेली. काकांनी सगळ्यांदेखत चूक कबूल केली आणि आठवड्याभरात स्टुडिओ सोडला. त्यानंतर कुणी त्यांच्या हातात फिल्मचा कॅमेरा दिला नाही. ते शाळाशाळांतून मुलांच्या ओळखपत्रांचे फोटो काढत राहिले. बाबांनी मात्र पुढे अकरा चित्रपट केले आणि नाव कमावलं.

तिला हे सहन होत नव्हतं. आई नव्हती, त्यामुळे ती या गोदामातच वाढली, कपड्यांच्या पेटाऱ्यात झोपली. अंधाराला घाबरते म्हणून काकांनीच तिला टॉर्च आणून दिला होता. ते गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. कित्येक दिवस दारात बसून राहायची म्हणे.

"काका, एक डबा चुकून उघडा राहतो," ती म्हणाली. "एकोणीसच्या एकोणीस?"

"एखादा दिवस वाईट असतो, ठमे."

"आणि झाकणं कुठे होती?"

"झाकणं काय, एकावर एक रचलेली होती, छान मनोऱ्यासारखी..." काका बोलता बोलता थांबले. त्यांनी बाबांकडे पाहिलं.

झाकणं रचलेली होती, म्हणजे ज्याने कुणी हे केलं, त्याने सवडीने, बसून केलं होतं. निष्काळजी माणूस असं करत नाही.

तिने कॅमेरा बंद केला आणि पिशवीतून एक गंजका डबा काढला. आज सकाळी बाबांच्या कपाटाचं कुलूप तिने पेचकसाने उचकटलं होतं. डब्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'उरलेल्या फिल्मची चाचणी'. तारीख नेमकी डबे वाया गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची होती.

बाबांचा हात काठीवरून घसरला.

या स्टुडिओचा एक कायदा होता. ज्याच्या हातून चूक होईल, त्याने पुढच्या शॉटला क्लॅपची पाटी धरून कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. त्यातून कुणाची सुटका नसे. बाबांनी पाटी धरली होती, रंगभूषा करणाऱ्या मावशींनी धरली होती, एकदा तर नायिकेच्या आईने फणकारत धरली होती. ऐन शॉटमध्ये भुंकला म्हणून शेजारच्या कुत्र्याच्यासुद्धा गळ्यात ती बांधली होती. इतिहासाच्या फिल्ममध्ये या भागाला उद्या लोक खदखदून हसणार होते.

एकोणीस डबे वाया गेल्यानंतरचा पहिला शॉट या विसाव्या डब्यात होता. त्या दिवसाच्या हजेरीवहीत सह्या दोनच होत्या, बाबांची आणि काकांची. त्यातले काका कॅमेऱ्यामागे. मग पाटी धरायला उरलं कोण?

तिने फिल्म प्रोजेक्टरवर चढवायला घेतली. बापाचा इतका राग तिला जन्मात आला नव्हता, आणि त्या रागाची लाजही वाटत होती.

"ठेव ते," बाबा म्हणाले.

"का? अडतीस वर्षं दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडलंत. आता तरी बघू दे सगळ्यांना."

"तुला वाटतं तसं नाही ते."

"मग कसं आहे? सांगा ना."

काका उठून तिच्याजवळ आले आणि त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"मी तुझ्या बापाकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली," ते म्हणाले. "त्याने ती पाळली. तू मोडू नकोस."

एवढं सोसूनही हा माणूस मित्रालाच पाठीशी घालत होता. तिला भरून आलं. आता तर ती मुळीच थांबणार नव्हती. तिने त्यांचा हात हळूच बाजूला केला, दिवा मालवला आणि बटण दाबलं.

पडद्यावर आधी नुसते ओरखडे धावले. मग गोदामाची भिंत दिसली. मग डावीकडून एक हात आत आला. मनगटावर बाबांचं जाड पट्ट्याचं घड्याळ होतं आणि हातात पाटी होती.

"बघा," ती म्हणाली. "बघा, काका."

काकांनी डोळे मिटून घेतले होते.

पडद्यावरच्या त्या हाताने पाटी खाली नेली, कुणाला तरी दिली आणि तो चौकटीबाहेर गेला. कॅमेरा खाली वळला, आणखी खाली, थेट कंबरेच्या उंचीपर्यंत. तिथे पाटीच्या वर दोन वेण्या दिसत होत्या. पाटी तिरकी झाली आणि तिच्यामागून एक मुलगी खुदकन हसली, एका हाताने पाटी सावरत, दुसऱ्या हातातल्या टॉर्चचा झोत सरळ कॅमेऱ्यावर मारत.