दहा मिलिलिटर

१९८४. कांदिवलीतल्या एका महाविद्यालयात बारावीची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. आम्ल आणि आम्लारी या दोन्ही द्रावणांची मोलॅरिटी, म्हणजे तीव्रता, सारखी; त्यामुळे दहा मिलिलिटर आम्लारीला दहा मिलिलिटर आम्ल लागणार, हे मोजण्याआधीच सर्वांना ठाऊक होते. एकोणचाळीस जणांनी दहा लिहिले. मीराने तीनदा मोजले आणि वीस लिहिले.

"एवढे सगळे खोटे आणि तू एकटी खरी का गं?" असे म्हणून परीक्षकांनी तिला नापास केले.

सायंकाळी प्रयोगशाळेतला मदतनीस दत्ताराम त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. "सर, चूक माझी. आम्लात पाणी दुप्पट पडलं. पोरीचं बरोबर आहे."

 

गुणपत्रिकेवर सही करत परीक्षक म्हणाले, "मग आता एकोणचाळीस जणांना नापास करू म्हणतोस?"