धोंडीचा बेडूक

पाऊस रुसला की मुसळाला बेडूक बांधून दारोदार धोंडी फिरवायची आणि बेडूक गीताबाईनंच द्यायचा, हा गावाचा रिवाज. तिच्या डबक्यातला बेडूक ओरडला की पेडगावच्या वाटेला लागलेला ढगसुद्धा माघारी फिरायचा म्हणे! यंदा कापसानं मान टाकली, बाया जमल्या. गीताबाईच्या ओंजळीत आलेल्या बेडकाच्या पिल्लाला पुढचे पाय होते, मागचे नव्हतेच. दुसऱ्यालाही. “बरंय की काकू, बांधायचा ताप न्हाई,” शेजारची मनिषा हसली. गीताबाईनं लेकाकडं पाहिलं. “फवारणीचा पंप इथं धुतलास?” “न्हाई आई, शप्पत. पण महिन्यामागं फवारलं अन् लगेच पाऊस आला. समदं औषध वाहून डबक्यातच उतरलं.” “अन् आता?” “कालच पुन्यांदा फवारलंय.” तिनं पिल्लू पाण्यात सोडलं. ते जागीच फिरत राहिलं. बाया गाऊ लागल्या. चाळीस वर्षं पाऊस मागणारी गीताबाई आभाळाकडं बघून पुटपुटली, “एवढ्यात येऊ नको, बाबा.”